भावंड कंपन्यांचा सामाईक पार्ट आणि हातात उरलेले पाच महिने

प्रश्न: माझ्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १९ महिन्यांपूर्वी पहिल्यांदा बिघडला. वॉरंटीत त्याचं कंट्रोल युनिट बदललं. आता तेच पुन्हा गेलं आणि वॉरंटी संपली आहे. याच समूहातल्या दुसऱ्या ब्रँडने या गिअरबॉक्सची वॉरंटी वाढवली, माझी कंपनी म्हणते, "ते त्यांचं धोरण, पार्टही आम्ही बनवत नाही." वर्षभर ईमेल चालू आहेत. दावा कोणावर करू?

उत्तर: कोणावर, ही चिंता सोडा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(२४) प्रमाणे पार्ट बनवणारा, दुसऱ्याचे पार्ट जोडून वस्तू तयार करणारा आणि दुसऱ्याच्या मालावर स्वतःचं चिन्ह लावणारा, तिघेही उत्पादकच. गाडीवर ज्याचा लोगो आहे त्याला आणि विक्रेत्याला विरुद्ध पक्ष करा. युनिट कोणी बनवलं ते लेबलवर सापडलं, तर त्यालाही.

तुमचं प्रकरण बुडेल किंवा तरेल ते कलम ६९ वर. तक्रार दाखल करायची मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ईमेलने, "वरिष्ठांकडे पाठवलंय" या उत्तराने किंवा वकिलाच्या नोटिशीने ही मुदत एक दिवसही वाढत नाही. वर्षभर तुम्ही नेमकं हेच करत बसलात. दुसऱ्या बिघाडापासून नव्याने मोजा, किंवा दुसऱ्या ब्रँडच्या घोषणेनंतरच दोष कळला, असे युक्तिवाद करता येतात. ग्राहक आयोग मानेलच असं सांगता येत नाही. विलंबमाफी आहे, पण "कंपनीच्या उत्तराची वाट पाहिली" हे कारण लंगडं पडतं. पहिल्या जॉब कार्डची (वर्कशॉपने गाडी घेताना दिलेल्या कामाच्या नोंदीची) तारीख धरा आणि २४ महिने भरायच्या आत तक्रार दाखल करा. तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात ती करता येते. गाडीसाठी ५० लाखांपेक्षा जास्त मोजले असतील तरच राज्य आयोगाकडे जावं लागेल.

आता पुरावा. वॉरंटीत बदललेला पार्ट सहसा कंपनीच ठेवून घेते, पण त्याच्या लेबलचा फोटो काढायला कोणी अडवलं नव्हतं. निदान दुसऱ्या युनिटच्या बाबतीत ही चूक करू नका. स्कॅनर लावल्यावर फॉल्ट कोड पुसण्याआधी त्याची छापील प्रत घ्या. लेबलवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरांसकट, उत्पादनाची तारीख, बॅच आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती टिपून ठेवा.

नंबर जुळला की पार्ट एकच, असं धरून चालू नका. जनरल मोटर्सने २००६ मध्ये इग्निशन स्विचच्या आतला भाग बदलला आणि पार्ट नंबर तोच ठेवला. शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन, पॉन्टिअॅक जी५ या भावंड गाड्यांत तो स्विच होता, आणि २०१४ च्या रिकॉलपर्यंत कुठल्या गाडीत जुना आणि कुठल्यात नवा हा घोळ निस्तरला नव्हता. उलटही घडतं: पार्ट तोच, पण ब्रँडगणिक नंबर वेगळा. म्हणून कलम ३८(९) खाली अर्ज करून या युनिटमधल्या बदलांच्या नोंदी आणि दोन्ही ब्रँडचे वॉरंटी क्लेम आयोगापुढे मागवा. तपासणीसाठी कलम ३८(२)(ग) आहे. प्रयोगशाळेने ४५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो.

'उत्पादन दायित्वा'चा, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईचा, दावा मात्र लावू नका. कलम २(२२) मधल्या 'हानी'त खुद्द वस्तूचं नुकसान येत नाही, आणि तुमचं नुकसान गाडीचंच आहे. 'सदोष वस्तू' आणि सेवेतली त्रुटी म्हणून मांडा. नवी गाडी मागायची हौस असते; पण मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा (२००६) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीची जबाबदारी सदोष पार्ट बदलण्यापुरती धरली. मुख्य मागणी नवं युनिट, दुसऱ्या ब्रँडइतकी वाढीव वॉरंटी आणि भरपाईची ठेवा. गाडीची किंमत परत ही पर्यायी.

तपासणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात, आणि गाडी तोवर उभी ठेवणं बहुतेकांना परवडत नाही. तेव्हा स्वखर्चाने दुरुस्ती करायचीच असेल, तर कंपनीला सात दिवस आधी लेखी कळवून तपासणीला बोलावा. कोणी येवो न येवो, युनिट काढतानाचा व्हिडिओ करा, वर्कशॉपच्या सहीशिक्क्यानिशी ते सीलबंद करा आणि स्वतःच्या ताब्यात ठेवा.