गाडी विकणे तुझ्या हातात आहे तोवर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ओव्हरटाइम बंद झाल्यापासून १३,०७५ रुपयांचा हप्ता झेपत नाही, तेव्हा ‘गाडी बँकेला परत देतो आणि मोकळा होतो’ असे तू लिहिले आहेस. गाडी परत देता येईल, पण मोकळा होणार नाहीस. गाडी हे केवळ तारण आहे. ती गेली तरी कर्ज राहते. बँक ती लिलावात विकते, ओढून नेण्याचा आणि यार्डाचा खर्च वजा करते आणि उरलेली तूट तुझ्याकडेच मागते. मी कर्जविभागात असताना एका गृहस्थांनी मोठ्या विश्वासाने दोन्ही किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या होत्या. गाडी पावसाळाभर उघड्यावर राहिली, आसनांवर बुरशी चढली, आणि लिलावानंतर त्यांना जी नोटीस गेली ती मीच टाइप केली होती.

त्यापेक्षा गाडी तूच विकलेली बरी. आता तुझा हिशेब पाहू. कर्ज ८ लाख, व्याज साडेनऊ टक्के, मुदत ७ वर्षे. दीड वर्षात तू सुमारे २ लाख ३५ हजार भरलेस, पण त्यातले १ लाख ५ हजार व्याजात गेले, त्यामुळे मुद्दल अजून ६ लाख ७० हजारांच्या घरात आहे. (सुरुवातीच्या हप्त्यांचा मोठा भाग व्याजच खाते, हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही.) बँकेकडून फोरक्लोजर स्टेटमेंट, म्हणजे आज कर्ज पूर्ण फेडायला किती लागतील त्याचा हिशेब, माग, त्यात मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क किती लावले आहे ते पाहा, आणि दोन-तीन जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांकडून लेखी किंमत घे. समजा सहा लाख आले, तर ७० हजार आणि वर शुल्क एवढी तूट पडेल. ती एफडी मोडून भरणे जड वाटेल, तरी लिलावातली तूट सहसा याहून मोठी असते.

व्यवहार करताना पैसे थेट कर्जखात्यात भरून घे, बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ घे, आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या फॉर्म २९ व ३० वर नुसत्या सह्या करून निश्चिंत होऊ नकोस. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, तुझे नाव आहे तोवर त्या गाडीने केलेल्या अपघाताच्या भरपाईची जबाबदारी तुझ्यावरच येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केले आहे.

गाडी कामासाठी ठेवणे भागच असेल, तर हप्ता चुकण्यापूर्वी शाखेत जाऊन मुदत वाढवून मागणारा अर्ज दे आणि त्याची पोच घे. एकूण व्याज वाढेल, पण महिन्याचा भार उतरेल. खात्यात पैसे न ठेवता हप्ता बाउन्स होऊ देणे मात्र टाळ, कारण २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याच्या कलम २५ नुसार त्यावर धनादेश न वटल्यासारखा खटला होऊ शकतो. थकबाकीवर ‘सेटलमेंट’ करण्याचा, म्हणजे कमी रकमेत तडजोड करून खाते मिटवण्याचा, सल्ला मित्र देतील. तो शेरा सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत राहतो आणि पुढे घरकर्जाच्या वेळी आडवा येतो.

वसुलीवाले दारात आले तर घाबरू नकोस. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे थकीत कर्जासाठी त्यांना सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, आणि दमदाटी तर कधीच करता येत नाही. लेखी तक्रारीला बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

पुढचा हप्ता ५ तारखेला आहे. त्याआधीच्या रविवारी स्टेटमेंट आणि व्यापाऱ्यांच्या किमती घेऊन घरी ये, म्हणजे आकडे समोर ठेवून बसू.

तुझा,
काका