'आद्य हर्लिंगपटू' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळातला खेळाडू जिम स्टेपलटन याचा अल्पपरिचय मराठीत लिहायचाय. इंग्रजीतल्या 'अर्ली हर्लर'ला 'आद्य हर्लिंगपटू' म्हटलं तर चालेल का? आणि त्या खेळातल्या काठीला आयरिशमध्ये 'कमान' म्हणतात, ती आपलीच कमान का?

'पटू' बिनधास्त लावा. क्रिकेटपटू, कबड्डीपटू, तसाच हर्लिंगपटू. 'हर्ल'चा कोशातला अर्थ बघून 'फेकणारा' मात्र करू नका. मराठीत फेकणारा म्हणजे थापाड्या! 'हॉकीपटू'ही नको. हर्लिंगमध्ये चेंडू हाताने झेलतात, काठीच्या टोकावर तोलत पळतात.

घोडं अडतं 'आद्य'पाशी. आद्य म्हणजे ज्याच्या आधी कोणी नाही. इथे तर आयरिश दंतकथेतला वीर कू खुलिन पोरवयातच हर्लिंग खेळतो आणि अंगावर आलेल्या कुत्र्याला चेंडूच्या फटक्याने लोळवतो. नवी होती ती संघटना. १८८४ साली थर्लस गावातल्या हेज हॉटेलात गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही आयरिश खेळांची संघटना स्थापन झाली. तिच्या पहिल्या, म्हणजे १८८७च्या, अखिल आयर्लंड स्पर्धेचा अंतिम सामना झाला थेट १ एप्रिल १८८८ला, बर गावी. एका बाजूला एकवीस जण! टिपरेरी परगण्यातर्फे उतरलेल्या थर्लसच्या संघाने गॉलवे परगण्याच्या मीलिकला हरवलं, कर्णधार आपले स्टेपलटन. म्हणून मी लिहीन, 'संघटित हर्लिंगच्या पहिल्या पिढीतला खेळाडू'. लांबलचक आहे खरं, पण खोटं नाही.

आता कमान. टिपरेरीकडच्या उच्चारात जोर दुसऱ्या अक्षरावर पडतो, त्यामुळे कानाला हुबेहूब आपली कमान. पण आपली आली फारसीतून, त्यांची घरचीच. 'कम' म्हणजे वाकडं, त्याला लघुत्वाचा 'आन': वाकडुली म्हणा ना. ती अ‍ॅश झाडाच्या बुंध्यातून काढतात, खोड मुळाकडे वळतं तिथून, म्हणजे लाकडाची रेषाच वाकणासोबत फिरते आणि फटक्याने सहज चिरत नाही. पुढच्या चपट्या टोकाला 'बास' म्हणतात, म्हणजे तळहात. मराठीत मी 'पंजा' लिहीन.

काठीला मात्र इंग्रजीतलं 'हर्ली'च ठेवा. 'कर्णधाराच्या हातात कमान' वाचून लोक बाण शोधतील. आणि 'अ‍ॅशची काठी' म्हणजे राखेची काठी नव्हे, हे तपासणाऱ्यालाही सांगून ठेवा.