मका महागलाय. ब्रॉयलरच्या खाद्यात गहू घातला तर एन्झाइम टाकावंच लागतं का?

लागतं, पण कुठलं ते आधी बघा. ‘एन्झाइम म्हणजे कंपन्यांची चैन’ हे आमच्या दाजींकडून इतक्यांदा ऐकलंय, की तुमचा प्रश्न बघून गप्प बसवेना.

दाजी खाद्य घरीच बनवतात. मक्याचा भाव चढला तेव्हा त्यांनी स्टार्टरपासूनच, म्हणजे लहान पिल्लांच्या खाद्यापासूनच, जवळपास एक तृतीयांश गहू घातला. फायटेज आधीपासून चालूच होतं, म्हणजे ‘एन्झाइम आहे की!’ शेडवर गेलो तर पाण्याच्या निपलखालीच नाही, मधोमधसुद्धा खाली अंथरलेल्या तुसाची पापडी धरलेली. पिल्लांच्या मागे विष्ठा वाळून चिकटलेली, नखांना गोळे, अमोनियाने डोळे चुरचुरत होते. विष्ठेत रक्ताचा टिपूस नाही, तरी पाण्यातून कॉक्सीचं (रक्ती हगवणीचं) औषध चालू! म्हटलं, दाजी, हा गव्हाचा प्रताप आहे. पण मेहुण्याचं ऐकतो कोण?

गव्हातलं अरॅबिनोझायलन आतड्यात पाणी धरून खळीसारखं चिकट होतं, मग तेल, प्रथिनं नीट पचत नाहीत. ते तोडायला झायलनेज लागतं. फायटेज फायटेटमध्ये अडकलेला फॉस्फरस सोडवतं, त्याचा या चिकटपणाशी काय संबंध? नुसत्या मका-सोयावर झायलनेजचा फरक मला तरी कधी दिसला नाही. फायटेज मात्र मी सोडणार नाही.

पण फायटेज टाकून डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, फॉस्फरससाठी घालतो ती पावडर) तेवढीच ठेवली तर पैसे पाण्यात. किलो खाद्याला 500 युनिट दिले तर उपलब्ध फॉस्फरस 0.1 टक्का तरी वाढतो. डीसीपीत फॉस्फरस 18 टक्के, म्हणजे टनामागे पाचेक किलो डीसीपी कमी करता येते. दाजींनी छटाकभरही कमी केली नाही, वर विचारतात, ‘फायदा कुठाय?’ पुढच्या लॉटला झायलनेज टाकलं, तुसाची गादी कोरडी राहिली, तर श्रेय उन्हाला!

डीसीपीबरोबर गेलेलं कॅल्शियम चुनखडीने भरून काढा, पण हात आखडता ठेवा. कॅल्शियम जास्त झालं की फायटेजचं काम मंदावतं. फायटेज ग्रॅमला 5000 युनिटवालं असेल तर टनाला फक्त 100 ग्रॅम लागतं, ते आधी घमेल्यात चार-पाच किलो भरड्यात चोळून मगच मिक्सरमध्ये सोडा. प्री-स्टार्टरमध्ये, म्हणजे अगदी पहिल्या दिवसांच्या खाद्यात, गहू नकोच. आणि हे सगळं मॅशचं, म्हणजे भरड खाद्याचं झालं. पेलेट (दाबलेल्या गोळ्या) काढत असाल तर 80-85 अंशांच्या वाफेत एन्झाइमची साधी पावडर बरीचशी मरते, उष्णतेत टिकणारं कोटेड मागा. करारावर पिल्लं असतील तर मात्र यात पडूच नका, खाद्य कंपनीचंच येतं.