'ईट अप'मधला 'अप' आणि 'खाऊन टाक'मधला 'टाक'

एका आईने विचारलेला प्रश्न असा आहे. तिसरीत शिकणाऱ्या मुलीच्या वाचनात 'ईट अप युअर राइस' असे वाक्य आले. 'अप' म्हणजे वर, हे तिला पहिलीतच पाठ झालेले असल्यामुळे भात वर कसा खायचा, असे तिने विचारले. आईने घरातला छोटा शब्दकोश उघडला, तर 'ईट'पुढे 'खाणे' आणि 'अप'पुढे 'वर' एवढेच सापडले. हा 'अप' तिथे नेमके काय करतो आणि अशा जोड्या घोकून पाठ करण्यावाचून दुसरा उपाय आहे की नाही, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

उपाय आहे, आणि तो मराठी बोलणाऱ्या माणसाला फार जवळचा आहे. जेवायला बसलेल्या मुलाला आपण सहज सांगतो, 'ताटात काही टाकू नकोस, सगळं खाऊन टाक.' या एका वाक्यात 'टाकणे' दोनदा आले आहे आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ अगदी उलट आहे. पहिले 'टाकणे' म्हणजे न खाता तसेच ठेवणे. दुसरे 'टाकणे' म्हणजे काहीही शिल्लक न ठेवता संपवणे. मराठी घरात वाढलेले मूल या वाक्याने कधीच गोंधळत नाही, कारण 'खाऊन' या रूपानंतर आलेल्या 'टाक'मध्ये फेकण्याचा अर्थ उरलेला नाही आणि तिथे त्याचे काम क्रिया पुरी झाल्याचे सांगणे एवढेच आहे, हे त्याला कोणी न शिकवता कळलेले असते. 'ईट अप'मधला 'अप' हेच काम करतो. 'ईट' खाण्याची क्रिया सांगतो, आणि 'अप' ती शेवटपर्यंत नेतो. म्हणून त्या वाक्याचे मराठी 'भात सगळा खाऊन टाक' असे होते, आणि त्यात 'वर' हा शब्द कुठेही येत नाही.

एकदा हे लक्षात आले, की पुष्कळ जोड्या आपोआप उलगडतात. 'ड्रिंक अप' म्हणजे पिऊन टाकणे, 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणे, 'टेअर अप' म्हणजे फाडून टाकणे. यातली शेवटची जोडी जरा थांबून पाहण्यासारखी आहे. 'मी पाकीट फाडले' असे म्हटले, तर आतले पत्र वाचण्यासाठी ते एका कडेने उघडले असेल. 'मी पाकीट फाडून टाकले' असे म्हटले, तर त्याचे तुकडे झाले. इंग्रजीत 'टेअर' आणि 'टेअर अप' यांत नेमका हाच फरक आहे. 'रीड थ्रू' म्हणजे पुस्तक वाचून काढणे. 'गिव्ह अवे' म्हणजे देऊन टाकणे आणि 'थ्रो अवे' म्हणजे टाकून देणे. या दोन मराठी रूपांत तीच दोन क्रियापदे जागा बदलून येतात आणि अर्थ पार बदलतो, पण वस्तू आपल्यापासून दूर गेली हा भाव दोन्हींत समान असल्यामुळे इंग्रजीने दोन्हीकडे 'अवे' वापरला आहे. मला ही जुळणी फार सुंदर वाटते.

तरीही ही तुलना फार ताणू नये. मराठीत नकार आला, की असे 'टाकणे' बहुधा गळून पडते. 'मी भात खाऊन टाकला नाही' असे आपण सहसा म्हणत नाही, 'मी भात संपवला नाही' असे म्हणतो. इंग्रजीला मात्र नकारात 'यूज अप' चालते. उलट 'मी नको ते बोलून बसलो' यातल्या 'बसणे'ने व्यक्त होणारी पश्चात्तापाची छटा दाखवणारे 'अप' किंवा 'आउट'सारखे अव्यय इंग्रजीत नाही. तिथे ती छटा वेगळ्या शब्दांनी सांगावी लागते.

काही जोड्यांत अर्थ इतका दूर गेलेला असतो, की 'अप'च्या या पूर्णतेच्या अर्थानेही भागत नाही. 'लुक अप' म्हणजे शब्दकोशात किंवा यादीत शोधणे, 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे किंवा चालवून घेणे. 1755 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत सॅम्युअल जॉन्सन यांनी क्रियापदाला अव्यय जोडून अर्थ बदलण्याच्या या रीतीची दखल घेतली आणि परकीयांना सर्वांत जास्त अडचण इथेच येते, असे नोंदवले. आपल्याकडे मात्र ही कल्पना मुळीच परकी नाही. संस्कृत व्याकरण शिकलेल्यांना हा श्लोक आठवेल:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते ।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥

उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीने दुसरीकडे ओढून नेतो, असे हा श्लोक सांगतो. 'हृ' हा धातू एकच. पण आहार घेणारा संहार करत नाही आणि विहार करणारा प्रहार करत नाही. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, 'गिव्ह इन' म्हणजे नमते घेणे, 'गिव्ह आउट' म्हणजे वाटणे किंवा संपून जाणे, हे प्रकरण त्याच जातीचे आहे. फरक जागेचा आहे: संस्कृतात हा शब्द धातूच्या आधी चिकटतो, इंग्रजीत तो बहुधा क्रियापदानंतर सुटा राहतो. 'ब्रिंग अप' या क्रियापदाशेजारी 'अपब्रिंगिंग' आणि 'ब्रेक आउट'शेजारी 'आउटब्रेक' ही नामे ठेवून पाहिली, म्हणजे आधी येण्याची रीतही इंग्रजीत आहे, हे दिसते. इंग्रजी 'आउट' आणि उद्गम, उत्पत्ती यांतला 'उत्' हे तर एकाच प्राचीन मुळातून आलेले शब्द आहेत.

शब्दक्रमाचा एक नियम मात्र पक्का करून घ्यावा. 'ईट अप युअर राइस' आणि 'ईट युअर राइस अप' ही दोन्ही वाक्ये चालतात, परंतु भाताऐवजी 'इट' हे सर्वनाम आले, की 'ईट इट अप' एवढेच बरोबर, आणि 'ईट अप इट' चूक. 'लुक आफ्टर'सारख्या जोड्यांना हा नियम लागू होत नाही. तिथे 'लुक आफ्टर हिम' असेच म्हणावे लागते. म्हणून जोडी वहीत लिहिताना सर्वनामासकट लिहावी.

याच प्रश्नाची दुसरी बाजू प्रेपोझिशनची आहे, आणि तिथे मराठी मदत करण्याऐवजी चकवते. 'त्याच्याशी लग्न झाले' म्हणताना 'शी'चे भाषांतर 'विथ' करून आपण 'मॅरीड विथ हिम' म्हणतो, ते 'मॅरीड टू हिम' हवे. 'माझ्यावर रागावला' यातल्या 'वर'मुळे 'अँग्री ऑन मी' तोंडी येते, ते 'अँग्री विथ मी' हवे. 'विषयी चर्चा' मनात असल्यामुळे 'डिस्कस अबाउट' लिहिले जाते. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' नकोच.

या सर्वांत चिवट चूक 'पासून'ची. मी 'सोमवारपासून' म्हणतो आणि 'दोन वर्षांपासून'ही म्हणतो. पहिल्यात काळाचा आरंभबिंदू आहे, दुसऱ्यात काळाची लांबी आहे, आणि मराठीला दोन्हींसाठी एकच अव्यय पुरते. इंग्रजी मात्र इथे भेद करते: आरंभबिंदूला 'सिन्स', लांबीला 'फॉर'. त्यामुळे 'आय अॅम लिव्हिंग इन पुणे सिन्स टू इयर्स' या आपल्याकडे सर्रास ऐकू येणाऱ्या वाक्यात दोन चुका आहेत. एक अव्ययाची, दुसरी काळाची, कारण 'मी दोन वर्षांपासून पुण्यात राहतो' यातला आपला साधा वर्तमानकाळ इंग्रजीला तिथे चालत नाही. बरोबर वाक्य 'आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर टू इयर्स' असे आहे. बोलण्याआधी एक मराठी कसोटी लावून पाहावी: 'पासून' काढून 'गेली' घालता आले, म्हणजे 'गेली दोन वर्षे' असे म्हणता आले, तर 'फॉर', 'गेली सोमवार' म्हणता येत नाही, म्हणून तिथे 'सिन्स'.

मुलीच्या वहीत 'अप म्हणजे वर' या ओळीवर काट मारण्याची गरज नाही, कारण 'गो अप' म्हणताना ती खरीच आहे. तिच्या खाली दुसरी ओळ लिहावी: 'ईट इट अप, खाऊन टाक'. तिसरी ओळ 'टेअर इट अप'ची असावी, आणि एखादा जुना कागद आधी नुसता फाडून, मग फाडून टाकून तिला तो फरक दाखवावा.