पुनावळ्याचा फ्लॅट आणि वीस वर्षांचा पगार

प्रश्न: वय ३९. हिंजवडीत एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. हातात १ लाख ३० हजार येतात, पत्नीला शाळेत ३४ हजार मिळतात. वाकडच्या टूबीएचकेचं १८ लाख कर्ज बाकी आहे. हप्ता २४ हजार, अजून ९ वर्षं. घरखर्च ६२ हजार, एसआयपी ४० हजार. इक्विटी फंडात १९ लाख, एफडीत ६ लाख. आई आमच्याकडेच असते आणि मी आठवड्यातले दोन दिवस घरून काम करतो, त्यामुळे जागा पुरत नाही. पुनावळ्यात १ कोटी ५ लाखांचा थ्रीबीएचके पाहिलाय, ताबा २०२८ अखेर. २५ लाख आपले, ८० लाख कर्ज, जुना फ्लॅट २४ हजारांनी भाड्याने द्यायचा असा विचार आहे. टोकन ५१ हजार दिलं. पण एआयमुळे टीम कमी होणार अशी ऑफिसात कुजबुज आहे. म्हणून २ लाख ८० हजारांचा एआय कोर्सही हप्त्यांवर करावा म्हणतो. घर घेऊ का?

उत्तर: सध्या घेऊ नका. कोर्सही हप्त्यांवर नको.

आधी तुमच्या बेरजेतून सुटलेले आकडे. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ५ लाख २५ हजार. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ७ लाख ३५ हजार. नोंदणीचे ३० हजार. हे झाले १२ लाख ९० हजार. म्हणजे तुम्हाला २५ नव्हे, ३८ लाख उभे करावे लागतील, तेही किचन ट्रॉली आणि पडद्यांच्या आधी. वरचे १३ लाख कुठून येणार, हे तुम्ही लिहिलेलं नाही. (महिन्याच्या हिशोबातही ३८ हजारांचा पत्ता लागत नाही. एकदा बँकेचं स्टेटमेंट घेऊन बसा.)

८० लाखांना साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण ६९,४०० रुपये पडतो. कर्ज फिटेल तेव्हा तुम्ही ५९ वर्षांचे असाल. आज तुम्ही जे काम करता ते, याच पगारात, ५९ पर्यंत चालेल असं तुम्हाला वाटतं का? तुमची शंका पत्रातच दिसते. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार, म्हणजे २ टक्के लोक कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा झळ मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीला होती. तुम्ही त्याच फळीत आहात. टेस्ट केस लिहिणं, त्या पुन्हा पुन्हा चालवणं, बगचा रिपोर्ट तयार करणं, यातलं बरंचसं काम टूल आत्ताच करू लागलंय.

तरी नोकरी जाईलच असं मी म्हणणार नाही. मला जास्त काळजी वेगळ्या गोष्टीची आहे: नोकरी राहील, पण पगार राहणार नाही. एखादा माणूस कंपनी सोडतो, चार महिन्यांनी दुसरीकडे लागतो, आणि १ लाख ३० हजारांच्या जागी ८५ हजारांवर सही करतो. कधी नवी ऑफर बंगळुरूची असते. बँकेच्या हप्त्याला यातलं काहीच कळत नाही.

म्हणून एकच गणित करा: उद्या तुमचा पगार थांबला तर किती महिने निघतील?

आज आहात तसेच राहिलात तर पत्नीच्या ३४ हजारांतून वाकडचा हप्ता जाऊन १० हजार उरतात. घरखर्च ६२. तूट ५२ हजारांची. हाताशी २५ लाख आहेत, बाजार फार पडला नाही तर ते ४८ महिने पुरतील. चार वर्षं! इतक्या वेळात माणूस नवं काम शिकतो, दोनदा चुकतो आणि तिसऱ्यांदा जमवतो.

आता नवा फ्लॅट धरून पाहा. कर्ज टप्प्याटप्प्याने उचललं जातं, म्हणून पूर्ण हप्ता लगेच लागणार नाही; इमारत चढेल तसा तो चढत जाईल. पण काम संपत आलंय, ताबा मिळायचाय, भाडं सुरू झालेलं नाही, आणि नेमकं तेव्हा नोकरी गेल्याचं पत्र हातात पडलं तर? दोन हप्ते मिळून ९३,४००, वर घरखर्च. तूट महिन्याला १ लाख २१ हजारांची आणि शिल्लक शून्य. एक महिनासुद्धा निघत नाही.

जागेची अडचण मात्र खरी आहे. मग थ्रीबीएचके भाड्यानेच का घेत नाही? वाकडचा फ्लॅट २४ हजारांनी द्या आणि समजा ३८ हजारांचा मोठा घ्या. आईंना खोली मिळेल, तुम्हाला दार लावून मीटिंग करता येईल, आणि फरक १४ हजारांचा. आलेल्या भाड्यावर ३० टक्के वजावट आणि कर्जाचं व्याज वजा जातं, त्यामुळे कर फारसा लागत नाही. डिपॉझिट अडकेल, अकरा महिन्यांनी करार पुन्हा करावा लागेल, मालक कदाचित कटकट्या निघेल. पण ऑफर बंगळुरूची आली तर तुम्ही मोकळे असाल. ‘भाड्याने राहणं म्हणजे पैसे पाण्यात’ हे तुम्हाला घरातच कोणीतरी ऐकवेल. त्यांना ८० लाखांवरचं वीस वर्षांचं व्याज दाखवा: सुमारे ८६ लाख.

कोर्सचं म्हणाल, तर त्यांच्या ‘प्लेसमेंट’ची हमी लेखी मागा, बहुतेकदा फोनवरचा सूर तिथेच बदलतो. आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम एनपीटीईएलच्या वेबसाइटवर फुकट बघता येतात. तीन महिने रोज रात्री तासभर ते करा, आणि शिकलेल्यातलं एक काम ऑफिसात प्रत्यक्ष करून दाखवा. त्यानंतरही पैसे भरून शिकावंसं वाटलं तर लाखभर रुपये बाजूला ठेवा, आणि कंपनी खर्च देते का ते आधी विचारा.

घरापेक्षा घाईचं काम आरोग्य विम्याचं आहे. तुम्ही विम्याबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून कुटुंब कंपनीच्या पॉलिसीवरच असेल असं धरतो. नोकरी सुटली की ती पॉलिसीही जाते. आईंना मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून स्वतःची पॉलिसी आत्ताच घ्या, म्हणजे ती तीन वर्षं आजपासून मोजली जातील. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही.

२५ लाखांतले साडेदहा लाख, म्हणजे हप्ता धरून साधारण वर्षभराचा खर्च, एफडी आणि लिक्विड फंडात (ज्यातून पैसे पटकन काढता येतात) हवेत. कमी पडणारे साडेचार लाख इक्विटीतून दोन आर्थिक वर्षांत विभागून काढा. दीर्घकालीन नफ्यातले सव्वा लाख दरवर्षी करमुक्त असतात. वाकडचं कर्ज मुदतीआधी फेडायचा मोह टाळा. बँकेत भरलेले पैसे अडचणीत परत मागता येत नाहीत.

टोकनची पावती आणि बुकिंगचा फॉर्म काढून रद्द करण्याच्या अटी वाचा, आणि परतावा ईमेलवर लेखी मागा. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, तेव्हा ‘आणखी पाच लाख भरा, मग बोलू’ असं म्हणाले तर भरू नका. ५१ हजार बुडाले तरी ते त्या घराच्या एका पूर्ण हप्त्यापेक्षा १८ हजारांनी कमीच आहेत.