आधी मंजुरी, मग कुदळ

प्रश्न : घरावर एक मजला चढवायचा आहे. ठेकेदार म्हणतो, ‘काम सुरू करू, परवानगी मागाहून येईल.’ ऐकावं का?

उत्तर : अजिबात ऐकू नका, ताई. तीस वर्षं घरांचे नकाशे काढतोय, म्हणून कळकळीनं सांगतो. सळ्या एकदा काँक्रीटमध्ये गेल्या की त्या किती जाडीच्या आणि किती अंतरावर बांधल्या, हे बाहेरून दिसत नाही. तपासणी काँक्रीट ओतण्याआधीच व्हावी लागते. तिथं तुमच्या मुलाबाळांच्या जिवाचा प्रश्न आहे.

पहिल्यांदा संरचना अभियंत्याकडून जुना पाया आणि खांब तपासून घ्या. ते नवा भार पेलतील असं त्यानं लेखी दिलं, तरच पुढं जा.

मग प्लॉट स्वतः मोजा. चारही बाजू मोजाच, पण दोन्ही कर्णही मोजा. चौकोनी दिसणारा प्लॉट तिरका निघतो, हे मी कितीदा पाहिलंय! १:१०० च्या नकाशात एका मिलिमीटरची चूक म्हणजे जमिनीवर दहा सेंटिमीटर. तेवढ्यानं हद्दीपासून सोडायचं अंतर कमी भरतं आणि फाइल परत येते. मालकीचे कागद, अर्ज, शुल्क हे सगळं त्यामानानं सोपं.

मंजूर नकाशाची एक प्रत कामावर ठेवा. खिडकी जरी हलवायची झाली, तरी आधी विचारा.