कोर्स नंतर, आधी अनुभवाचा कागद

तुमचा प्रश्न वाचला आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही. बीएस्सी केमिस्ट्री, तळोज्यातल्या पेंट कारखान्यात तीन वर्षं क्यूसी (दर्जा तपासणी) लॅब, नाव मात्र कंत्राटदाराच्या मस्टरवर. आणि तुम्ही विचारताय, मोठ्या कंपनीत पर्मनंट व्हायला कोणता कोर्स करू. माझी सुरुवात अशीच झाली, फक्त लोट्याच्या एमआयडीसीत. म्हणून आधी उलटं विचारते: तुमच्या ओळखपत्रावर, पगारपत्रकावर तुमचं पद काय लिहिलंय? आज बघा. 'हेल्पर' किंवा 'अकुशल' असं असेल तर कोर्सचा विचार बाजूला ठेवा.

लॅबमध्ये बॅच पास करणारी सही माझी असायची. शेड मॅचिंग, फायनेस (रंगकण किती बारीक दळलेत), व्हिस्कॉसिटी (पेंटचा घट्टपणा), रात्रपाळीत एखादी बॅच अडली तर टिंटर (छटा जुळवायचा रंग) किती टाकायचा हेसुद्धा मीच ठरवायचे. नोकरी बदलायची ठरवली तेव्हा दुसऱ्या कंपनीत प्रत्यक्ष काम करून दाखवायला सांगितलं, ते त्यांना आवडलं. मग अनुभवाचं पत्र मागितलं. कंत्राटदाराच्या ऑफिसने मला दिलेल्या कागदावर लिहिलं होतं 'मदतनीस'. लॅबचा उल्लेखच नाही.

मी दुरुस्ती मागायला गेले. ते ऑफिस म्हणालं, आम्ही माणसं पुरवतो, आत तुम्ही काय करता ते आम्हाला माहीत नाही, कंपनीकडून लिहून आणा. कंपनीचं एचआर म्हणालं, तुम्ही आमच्या कर्मचारीच नाही, पत्र कसं देणार? पुन्हा कंत्राटदार, पुन्हा साहेब नाहीत, पुन्हा पुढच्या सोमवारी या. रजा टाकून, एसटीने जाऊन त्या बाकावर बसायचं आणि रिकाम्या हाताने परत यायचं. बॅच कार्डांचे (प्रत्येक बॅचच्या नोंदींचे) गठ्ठे माझ्या सहीने भरले होते आणि या दोन्ही ऑफिसांतल्या एकाही टेबलाला दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या नाहीत. त्याचा राग अजून गेलेला नाही. नव्या कंपनीने अखेर घेतलं, पण फ्रेशरच्या पगारावर. आधीची सगळी वर्षं शून्य धरली गेली, आणि तो फरक पुढच्या प्रत्येक पगारवाढीत मागे ओढत राहिला.

मी वकील नाही, त्यामुळे हे पडताळून घ्या. पण असं प्रमाणपत्र म्हणजे कोणाची मेहेरबानी नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांत काम सुटताना कंत्राटदाराने सेवा प्रमाणपत्र द्यायचं होतंच. आताच्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही, कामगाराने मागितल्यास केलेल्या कामाचा तपशील असलेलं अनुभव प्रमाणपत्र कंत्राटदाराने द्यावं अशी तरतूद आहे. म्हणून अर्ज लेखी करा, एक प्रत कंपनीच्या एचआरला द्या, आणि दोन्हीकडून पोच घ्या. तोंडी मागितलेलं कोणाच्याच लक्षात राहत नाही. आणि हे नोकरीत असतानाच करा. गेटपास जमा झाल्यावर तुम्हाला कोणी ओळखत नाही.

कागदावर 'क्यूसीचं काम' एवढंच लिहून घेऊ नका. फोर्ड कप बी-४ (तळाला भोक असलेला कप) वर व्हिस्कॉसिटी, हेगमन गेजवर फायनेस, ६० अंशांच्या कोनात ग्लॉस (चकाकी), क्रॉस-कट (पेंटची पकड), फिल्मची जाडी, सॉल्ट स्प्रे (गंजाची चाचणी), जे खरंच करता ते नावानिशी येऊ द्या. लॅबच्या वरिष्ठांचं सहीचं पत्र मिळालं तर तेही ठेवा, लेटरहेड नसलं तरी. मला त्यानंतरची नोकरी बदलताना तसंच एक पत्र उपयोगी पडलं. फॉर्म्युलेशनचे फोटो किंवा बॅच कार्डांच्या प्रती मात्र पुरावा म्हणून घरी नेऊ नका. तो कंपनीचा माल आहे, त्यात तुम्हीच अडकाल.

आता कोर्सबद्दल, हे माझं मत. कोटिंग इन्स्पेक्टरची सर्टिफिकेशन्स (पूर्वी नेस, NACE, या संस्थेची, २०२१ पासून ॲम्प, AMPP, ची) चांगली आहेत, पण ती साइटवरच्या माणसासाठी. स्टील एसए अडीच या स्वच्छतेच्या पातळीपर्यंत ब्लास्ट (कणांच्या माऱ्याने साफ) झालंय का, पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूच्या निदान ३ अंश वर आहे का, हे बघणारा तो माणूस. टाक्या, पाइपलाइन, आखातातली कामं करायची असतील तर जरूर करा. कारखान्याच्या लॅबमध्ये राहायचं असेल तर एवढे पैसे घालू नका, असं मला वाटतं. त्यापेक्षा प्रॉडक्शनच्या माणसांबरोबर थोडे दिवस उभे राहा. पिगमेंट डिस्पर्शन (रंगकण दळून पसरवणं) मिलवर कसं होतं, लेट-डाउनमध्ये (दळलेल्या रंगात बाकीचा माल मिसळताना) रेझिन घाईने टाकलं तर काय बिघडतं, हे ज्याला कळतं तो इंटरव्ह्यूत लगेच उठून दिसतो. मला विचारलेला प्रश्न सांगते: बॅच रात्री पास झाली आणि सकाळी जाड कशी? मिलमधून आलेला पेंट गरम असतो, कपातून भराभर वाहतो. सॅम्पल ३० अंशांवर न आणता मोजलं की आकडा खोटा येतो. हे वर्गात ऐकलं असेल, पण हाताखालून गेल्याशिवाय पटकन सुचत नाही.

पीएफचंही बघा. कंत्राटदार बदलला की काही ऑफिसं नवीन यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) काढून टाकतात, तसं होऊ देऊ नका, जुनाच द्या. नोकरी सुटल्यावर पैसे काढण्याऐवजी ट्रान्सफर करा. पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते आणि पेन्शनचा भाग काढून घेतला की ती मोजणी मोडते. शिवाय पासबुक हा तुमच्या महिन्या-महिन्याच्या नोकरीचा असा पुरावा आहे की जो कुठल्याही ऑफिसला सहजासहजी नाकारता येत नाही. पदाचा नाही, पण कालावधीचा तरी.

आणि विषय निघालाच आहे तर, झायलीन (थिनरमधलं द्रावक) किंवा पीयू (पॉलियुरेथेन) हार्डनरजवळ साधा धुळीचा मास्क लावून काम करत असाल तर थांबा. वाफेला तो अडवत नाही, ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचाच मागा. पीयूमधल्या आयसोसायनेटची ॲलर्जी एकदा जडली की थोड्याशा वाफेनेही दमा उठतो. मग या धंद्यात राहणंच अवघड होतं.

अर्ज लिहिताना अडलात तर मसुदा इथे टाका, मी वाचून सुचवते. कंपनीचं नाव आणि यूएएन तेवढं खोडा.